हळदीच्या रात्रीची बाटली

मे महिना आला की गुहागर तालुक्यात मुंबईचे चाकरमानी उतरतात. बौद्धवाडीत मांडव पडतात आणि लग्नाच्या आदल्या रात्री हळद असते. मांडवात त्रिशरण-पंचशील म्हणणारे आपणच, आणि मांडवामागे काजूच्या झाडाखाली ग्लास भरणारेही आपल्यातलेच.

पाचवे शील कशाविषयी आहे हे आपल्या घरातले लहान पोरही सांगेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा तेच पुन्हा सांगून आम्ही जागा अडवत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते 'मी फक्त लग्नकार्यात घेतो' म्हणणाऱ्या भावाशी. तो दारुडा नाही. पण दारुडाही एके काळी लग्नकार्यातच घेत होता.

सवय लागते ती अशी. आधी दोन पेगात येणारी झिंग पुढे चार पेगांत येते. मग माणूस छाती फुगवून सांगतो, 'आपल्याला चढत नाही.' हे कौतुक नव्हे, शरीर दारूला सरावल्याची ती खूण आहे. एका लहान पेगाचा निचरा करायला यकृताला साधारण तास लागतो. लिंबू, ताक, काळा चहा, डोक्यावर पाणी, कशानेही तो तास कमी होत नाही. तरीही चार पेग झालेला भाचा रात्री दोन वाजता पाहुण्यांना सोडायला मोटरसायकल काढतो आणि कोणी चावी काढून घेत नाही! जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितले की, आरोग्याला सुरक्षित असे दारूचे प्रमाणच नाही.

1984 साली डॉक्टरी मासिकात आलेले चार प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावेत. कमी करायला हवे असे कधी वाटले का? कोणी पिण्यावरून बोलले तर राग येतो का? पिण्याबद्दल मनात खंत वाटते का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावीशी वाटते का? दोन उत्तरे 'होय' आली तर डॉक्टरांना भेटावे.

यजमानाच्या हातातही पुष्कळ असते. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत, त्यात पहिला पैशाचा. कर्ज काढून हळदीला बाटल्या आणणारा बाप आम्ही पाहिला आहे; त्याच पैशात मुलीचे एका वर्षाचे शिक्षण झाले असते. वाडीच्या बैठकीत आधीच ठरवावे की मांडवातून दारूला पैसा नाही. हळद दिवसाउजेडी उरकावी, जेवण लवकर वाढावे. पोरांना बाटली आणायला पिटाळू नये. 'नको' म्हणणाऱ्याला 'एक तरी घे' हा आग्रह तर साफ बंद व्हावा. त्यात कसला आला मानपान?

गावठीबद्दल वेगळे सांगतो. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती बहुतेक कष्टकरी. मिथेनॉल मिसळलेली दारू रंगावासाने ओळखू येत नाही. पिऊन कोणाला अंधुक दिसू लागले, पोटात कळ आली, तर उतरण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि जो रोज पितो त्याला शपथ घालून खोलीत कोंडू नये. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, फिट येते, नसलेले दिसू लागते. प्रसंगी जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. अमेरिकेत 1935 साली दोन दारुड्यांनीच सुरू केलेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस मुंबईतही बैठका भरवते. तिथे फी नसते, आडनावही विचारत नाहीत. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका निराळ्या असतात. नवरा जायला तयार नसेल तर बाईने आपली एकटीने जावे.