मोबाईल स्टार्टर फोनला दाद देत नसेल तर

करमाळा तालुक्यात कंदर, वांगी, केत्तूर या भागात उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर केळी व ऊस घेतला जातो. मोटार पाण्याकाठी, घर लांब आणि वीज पुष्कळदा रात्रीची. अशा ठिकाणी मोबाईल स्टार्टर सोयीचा ठरतो. परंतु वीज जाऊन आल्यावर तो फोनला दाद देईनासा झाला, तर पाळी चुकते. अशा वेळी मोटार खोलण्यापूर्वी पेटीतील मोडेम तपासावा.

मोडेमचे काम

सिम कार्ड या मोडेममध्येच असते. वीज येताच पेटीतील नियंत्रक त्याला ओळीने आज्ञा देतो. प्रत्येक आज्ञा 'एटी' म्हणजे 'अटेन्शन' या अक्षरांनी सुरू होते. ही पद्धत अमेरिकेतील हेज कंपनीने १९८१ साली टेलिफोनच्या मोडेमसाठी आणली. भारतात १९९५ साली इंटरनेट सुरू झाले, तेव्हा संगणकाच्या मोडेमलाही अशाच आज्ञा द्याव्या लागत.

तंत्रज्ञाकडून संगणक जोडून पुढील आज्ञा तपासून घ्याव्यात :

१. एटी+सीपीआयएन? – सिम तयार असल्यास 'रेडी' असे उत्तर येते.
२. एटी+सीआरईजी? – उत्तरातील दुसरा आकडा १ असल्यास नेटवर्कवर नोंद झाली.
३. एटी+सीएसक्यू – सिग्नल ० ते ३१ मध्ये कळतो. १० च्या खाली असल्यास अँटेना उंच लावावा. ९९ म्हणजे सिग्नल मोजता आला नाही.
४. एटी+सीएलआयपी=१ – फोन करणाऱ्याचा नंबर मिळतो. ही आज्ञा चुकल्यास स्टार्टर मालकाला ओळखत नाही.

काही मांडणी 'एटी अँड डब्ल्यू' या आज्ञेने जतन होते. बाकीची दर वेळी वीज आल्यावर द्यावी लागते.

घ्यावयाची दक्षता

सिम आधी साध्या फोनमध्ये घालून पिनचे कुलूप काढावे व रिचार्जची मुदत पाहावी. स्टार्टर २जी असेल तर फक्त ४जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. अडॅप्टर कमजोर असल्यास तो वारंवार बंद पडतो. वीज आल्यावर नोंद होण्यास वेळ लागतो, म्हणून दोन मिनिटे थांबून फोन करावा. नोंदविलेले नंबर घरच्या दोघातिघांचेच ठेवावेत.

मोटारीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच न चुकता बंद करावा. तुम्ही विहिरीवर वा नदीकाठी असताना घरून कोणी फोन केला, तर मोटार त्याच क्षणी चालू होईल.