भाताची पहिली पेंढी

दसऱ्याच्या आधीच्या दोन रात्री वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांत कोणी नीट झोपत नाही. चाफा, तगर, जास्वंद, मोगरा – जे फुलेल ते खुडायचे, ओल्या फडक्यात बांधायचे आणि पहिल्या लोकलने दादर गाठायचे. आपल्या घरच्या सरस्वतीपूजनाला आणि दिवाळीच्या लक्ष्मीला लागणारी कितीतरी फुले अशी रात्री जागून आलेली असतात. ती खुडणाऱ्यांपैकी पुष्कळजण रविवारी पहाटे धुतलेले कपडे घालून मिस्सेला जातात, हे मात्र फूल घेणाऱ्याला ठाऊक नसते. ठाऊक असण्याचे कारणही नाही. फुलाला आडनाव नसते.

मी वसईकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या हजेरीपटावर पाटील, वर्तक, नाईक यांच्या जोडीला लोपीस, डाबरे, तुस्कानो, परेरा असतात. पहिल्या वर्षी ही नावे वाचताना मौज वाटायची. आता कोणी लोपीस गैरहजर असला तर 'भाताची कापणी चालू असेल' असे मीच पुटपुटतो. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. या दोन सालांमधल्या दोनशे वर्षांत ही आडनावे इथल्या मातीत रुजली. भाषा मात्र बदलली नाही. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत आणि देवळात मराठी. ('देवळात' हा माझा शब्द नव्हे. इथल्या म्हाताऱ्या बायका चर्चला सहज देऊळ म्हणतात.)

चर्चच्या भोवतीच्या गावाला, वाड्यांना आणि आळ्यांना मिळून धर्मग्राम म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटते, की चर्च म्हणजे रविवारची प्रार्थना. प्रत्यक्षात जन्म, लग्न, मरण, शाळा, बँडपथक, भांडणे, मोडलेल्या घराची डागडुजी, सगळे त्या एका अंगणात येऊन पडते. धर्मग्रामाचे लहान समूह पाडलेले असतात. पंचवीसतीस घरांचा एकेक. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाचा मुलगा आखातातून नोकरी सुटून परत आला आहे, हे धर्मगुरूंच्या कानावर या समूहांतूनच जाते. व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची एक संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये काही तरुण विद्यार्थ्यांनी काढली. तिची शाखा इथे अनेक चर्चमध्ये आहे. तिची माणसे गरजू घरी जाऊन शिधा ठेवून येतात आणि कोणाकडे गेलो होतो ते बायकोलाही सांगत नाहीत. आमच्या मराठी खात्यात एवढी गुप्तता परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचीसुद्धा राहत नाही.

पाऊस ओसरू लागला की या मंडळींच्या वर्षाला जाग येते. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस. त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना चालते. मुंबईकर वाचकांना त्याच सुमाराची वांद्र्याची मोतमावलीची जत्रा चांगली परिचयाची असेल; मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे घेऊन तिथे चढणाऱ्यांत निम्मेअधिक लोक ख्रिस्ती नसतात. तिकडे मंगळूरला हाच दिवस नव्या कणसांचा. गोव्यात तर काही गावांत ऑगस्टमध्येच कणसाचे फेस्त होते. आमच्या बाजूला पीक तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून सुगीचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी.

साष्टीच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती गावांत या सणाला आगेरा म्हणतात. शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असे सांगतात. आमच्या 'आगर' शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह भाषेच्या मास्तराला होतोच. पण आगर हा संस्कृत 'आकर'पासून आलेला, म्हणजे घर वेगळे. सण मात्र ओळखीचा. कोकणात दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत केव्हातरी भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला 'नवे' लावतात, तेच इथे बँड वाजवत चर्चमध्ये जाते. हळव्या भाताची पहिली पेंढी कापायची, ती सजवून मिरवणुकीने वेदीपर्यंत न्यायची, धर्मगुरूंनी तिच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडायचे आणि मग प्रत्येक घराने एकेक लोंबी न्यायची. कोणी ती घरच्या क्रूसाशेजारी खोचतात, कोणी तिचे चार दाणे नव्या तांदळाच्या पहिल्या भातात टाकतात. त्या दिवशी मला तीन घरी जेवावे लागते. नारळाच्या दुधातली खीर तिन्ही ठिकाणी असते आणि तिन्ही ठिकाणी 'आमच्यासारखी दुसरीकडे मिळणार नाही' असे सांगण्यात येते.

दोन वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात या पेंढीवरूनच वाद झाला. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण तिथे मला यापुढेही जेवायचे आहे.

तिथे वर्षानुवर्षे पहिली पेंढी एका ठरावीक शेतातून येत असे. ते शेत चार भावांचे. एक बँकेत, एक जहाजावर, एक वारलेला आणि चौथा घरी. विहिरीचे पाणी हळूहळू मचूळ झाले. लावणीला माणूस मिळेना. मिळाला तर त्याची मजुरी विकलेल्या भातातून निघेना. वारलेल्या भावाच्या मुलींची लग्ने निघाली आणि शेत गेले. त्या कुटुंबाला नावे ठेवणे सोपे आहे आणि गावात काहींनी ती ठेवलीही. पण ज्यांनी ठेवली त्यांतल्या किती जणांच्या भाताच्या खाचरावर आज इमारत उभी आहे, हे मी रोज येताजाता बघतो.

वसईने ही लढाई पूर्वी एकदा लढलेली आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस इमारती पसरू लागल्या, गावच्या विहिरींचे पाणी टँकरने बांधकामांकडे जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीने मोठे आंदोलन उभारले. त्याच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्या आंदोलनामुळे पुष्कळ वाड्या वाचल्या. पण मोर्चा काढून बिल्डर थांबवता येतो. घरातली वाटणी कशी थांबवणार?

असो. त्या वर्षी ऑक्टोबरात पेंढी वाड्याच्या बाजूने टेम्पोतून विकत आणली. चांगली भरघोस होती. मिरवणूक निघाली, बँड वाजला, लोंब्या वाटल्या गेल्या. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी मात्र लोंबी न घेता घरी परतली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "मास्तर, देवाला भाताची काय कमी? द्यायची ती आपली मेहनत. बाजारातली पेंढी दिली तर दुकानदाराची मेहनत पोचेल, आपली कशी पोचेल?"

आजीचे हे बोलणे गावभर झाले आणि पुढच्या मे महिन्यात धर्मग्रामाच्या परिषदेत हा विषय निघाला. मी त्या बैठकीला पाहुणा म्हणून बसलो होतो. खजिनदारांचे म्हणणे असे, की मुंबईत शेते कुठे उरली आहेत? तिथेही आगेरा होतोच की. खूण महत्त्वाची, ती कुठून आली हे नव्हे. आणि उगाच शेतीचे सोंग आणून पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे आजाऱ्यांच्या औषधाला द्यावेत. बोलणे काही चुकीचे नव्हते. एक तरुण, संगणकाच्या कंपनीत काम करणारा, उठून म्हणाला, की चर्चच्या शाळेमागे चार गुंठे जमीन पडीक आहे, ती आम्ही लावतो. त्यावर एका म्हाताऱ्याने विचारले, "तुला तुरी आणि तूर यांतला फरक कळतो का रे?" सगळे हसले. तासभर हे चालले. धर्मगुरू वयाने तरुण, कोळीवाड्यातले; त्यांनी शेवटी एवढेच सांगितले, "जागा देतो, बियाण्याचे पैसे देतो. चिखलात उतरणार कोण, ते मात्र आज नावानिशी लिहून द्या."

एकवीस नावे आली. जुलैत लावणीला चौदाजण हजर झाले. आवणाची मूठ किती रोपांची, दोन रोपांत अंतर किती, हे त्यांना शिकवायला आजीच बांधावर खुर्ची टाकून बसली होती. आणि तिच्या शेजारी, कोणी न बोलावता, शेत विकलेला तो चौथा भाऊ येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. दिवसभरात तो दहा वाक्येही बोलला नसेल. पण सर्वांत सरळ ओळी त्याच्या होत्या.

सप्टेंबरच्या शेवटी आलेल्या पावसाने निम्मे पीक आडवे केले. चार गुंठ्यांत मिळून एक पोते भात निघाले. पेंढी बारीक, लोंब्या हलक्या, आदल्या वर्षीच्या टेम्पोतल्या पेंढीपुढे ठेवायला लाज वाटावी अशा. तरी त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आजीने या खेपेस दोन लोंब्या घेतल्या. एक घरच्यासाठी, एक म्हणे मुंबईच्या लेकीसाठी. खजिनदारांनी मला बाजूला घेऊन खर्चाचा हिशेब दाखवला. त्या हिशेबाने तो तांदूळ बासमतीच्या दुप्पट महाग पडला होता. हिशेब बरोबर होता.

सुगीचा सण झाला की ऑक्टोबरभर जपमाळ. ७ ऑक्टोबर हा जपमाळेच्या मातेचा सण आणि पोप तेरावे लिओ यांनी १८८३ साली हा सगळाच महिना तिला दिला. रोज संध्याकाळी समूहातल्या एकेका घरी मंडळी जमतात. पाच दशके, प्रत्येकी दहा वेळा 'नमो मरिया'. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सर्वांनी. मग चहा, उकडलेले चणे आणि गावगप्पा. गप्पा जपमाळेपेक्षा जास्त वेळ चालतात, आणि माझ्या मते समूह टिकतो तो त्यांच्यामुळे.

इथे मराठीच्या मास्तराचे कान टवकारतात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. परिषदेने लोकभाषेला दार उघडले, तेव्हा वांद्रे-माहीमकडच्या ख्रिस्ती गावांचा ओढा इंग्रजीकडे राहिला. वसईने मराठी घेतली. ही निवड लहान नव्हती. फादर स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराण' रायतूरला १६१६ साली छापून घेतले, त्याच्या साडेतीनशे वर्षांनंतर मराठी अशी वेदीवर चढली. इथून कवी, लेखक, संपादक निघाले ते या रविवारच्या मराठीवर पोसलेले.

आता गावच्या कडेला इमारती आहेत आणि त्यांत गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे ख्रिस्ती कुटुंबे राहायला आली आहेत. त्यांना मराठी येत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी इंग्रजी मिस्साही होते. त्यात गैर काही नाही. काळजी वेगळीच आहे. गावच्या जुन्या घरांतली इंग्रजी शाळेत जाणारी मुलेही तीच वेळ पसंत करतात. गेल्या वर्षी एका घरी मी जपमाळेला बसलो होतो. तीन दशके मराठीत झाली, चौथे इमारतीतल्या एका बाईंनी इंग्रजीत म्हटले. पाचवे घरच्या नातवाने म्हणायचे होते. तो दहाबारा वर्षांचा. त्याने आधी आईकडे पाहिले, मग आजोबांकडे, आणि मराठीत सुरुवात केली. सातव्या 'नमो मरिया'ला कोणीतरी हळूच 'छान' म्हणाले. ज्या भाषेत पणजोबा सहज बोलत, त्या भाषेत बोलल्याबद्दल पणतवाला शाबासकी मिळावी, याचा आनंद मानावा की खेद, ते मला त्या रात्री घरी येईपर्यंत ठरवता आले नाही.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. आदल्या आठवड्यात दफनभूमीतले गवत काढतात, क्रूसांना चुना लावतात. संध्याकाळी प्रत्येक थडग्यावर फुले आणि मेणबत्ती. आमच्या पणत्या कधी त्याच्या आधी, कधी नंतर. ज्यांचे कोणी गावात उरले नाही त्यांच्या थडग्यांवरही मेणबत्त्या दिसतात. शाळेची पोरे त्या लावतात, कारण मेणबत्त्या लावण्यात पोरांना मौज असते. वाड्यांतला चाफा त्या दिवशी दादरला जात नाही.

मग एकच घाई. डिसेंबरच्या तोंडावर आगमनकाळ सुरू होतो आणि त्यात लग्ने करीत नाहीत. म्हणून नोव्हेंबरात मांडवांची गर्दी. प्रत्येक लग्नाची घोषणा आधी चर्चमध्ये तीन रविवारी वाचली जाते. हरकत असेल त्याने सांगावी. हरकत कोणी घेत नाही, पण नावे ऐकून कुजबूज बरीच होते. त्याच सुमारास, कार्तिक वद्य एकादशीला, निर्मळची यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधीची ही यात्रा. जवळच होली क्रॉस चर्च आहे. सुकेळी, सुके मासे, घमेली, कोयते, लाकडी पोळपाट घ्यायला सगळ्या वाड्या लोटतात. धर्मग्रामातल्या बायका वर्षाची खरेदी तिथेच करतात.

शाळेमागच्या त्या चार गुंठ्यांतला पेंढा गेल्या वर्षी नाताळच्या गोठ्याला वापरला. यंदा लावणीला चौदाऐवजी अकराजण आले. तिघे परदेशी गेले. चौथा भाऊ आला होता. बियाणे या वेळी त्याने आणले, आणि खजिनदारांनी त्याची पावती मागितली.