नैराश्य मुलाचे, तपासणी घराची

मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या नैराश्याबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज असा: आजार मुलाला आहे, तर तपासायचे मुलालाच, आईवडिलांचा त्यात काय संबंध? ‘पोराकडे बघा डॉक्टर, आमचं काही नाही,’ असे सांगणारी आई स्वतः कित्येक आठवडे नीट झोपलेली नसते. विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

पालकाचे नैराश्य हा मुलाच्या नैराश्याचा सर्वांत ठळक धोक्यांपैकी एक आहे. अमेरिकेत मायर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया व त्यांची ७ ते १७ वर्षांची मुले अशा १५१ जोड्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतील मानसिक विकारांचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून २४ वर आले. ज्यांना गुण आला नाही, त्यांच्या मुलांत ते ३५ वरून ४३ वर चढले. उपचार चालू होते ते आईवर!

यावरून लगेच ‘म्हणजे दोष आईचाच’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चूक आहे. मधुमेहासाठी कोणी आईला दोष देत नाही, मग नैराश्यासाठी का द्यावा? शिवाय वडिलांचे नैराश्यही तितकेच विचारात घ्यायचे असते. या अभ्यासात फक्त आया होत्या, एवढेच.

‘घराण्यातच आहे, टळणार कसे?’ याला उत्तर २००९ च्या एका चाचणीत आहे. पालकांना नैराश्य झालेल्या ३१६ किशोरांपैकी ज्यांना विचारपद्धती बदलण्याचे गटप्रशिक्षण मिळाले, त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण २१.४ टक्के राहिले, इतरांत ३२.७. पण प्रशिक्षण सुरू होताना पालकाचे नैराश्य चालू असेल, तर हा फायदा दिसला नाही. मुलाला शिकवून घर तसेच ठेवले, तर हाती फारसे लागत नाही.

म्हणूनच यात फॅमिली डॉक्टरचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे महत्त्व. लसीला, तापाला, बाळंतपणानंतरच्या तपासणीला सारे कुटुंब तिथेच येते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, कशातच रस वाटेनासा झाला का, हे दोन प्रश्न पालकालाही विचारता येतात. उत्तर होकारार्थी आले तर सविस्तर तपासणी करायची. निदान मात्र दोन प्रश्नांवर होत नाही.

लहान मुलांना नैराश्य येत नाही, हेही खरे नाही. त्यांच्यात ते चिडचिड, पोटदुखी, शाळेला नकार अशा रूपांत दिसू शकते. मोबाइल काढून घेणे हा त्यावरचा उपचार नव्हे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीतीही निराधार आहे: न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरील २००५ च्या चाचणीत अशा प्रश्नांमुळे तसे विचार वाढल्याचे आढळले नाही. भारतात सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मुलाप्रमाणे पालकही स्वतःसाठी फोन करू शकतात.