आकाशाशी दहा मिनिटांचा संवाद

विद्युतचुंबकीय लहरींची व्याख्या आपली मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु त्या लहरींची प्रचीती त्यांना क्वचितच येते. ही उणीव हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, भरून काढू शकतो.

२१ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेतील शिकागोजवळच्या ल्यूथर बरबँक शाळेच्या विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी हॅम रेडिओवरून संवाद साधला आणि या शालेय उपक्रमास आरंभ झाला. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी बंगळूर व शिलाँग येथे जमलेल्या विद्यार्थ्यांना याच माध्यमातून उत्तरे दिली.

हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाते. म्हणून ते क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. ते जवळ येताना त्याच्या लहरींची वारंवारिता किंचित वाढलेली, तर दूर जाताना घटलेली आढळते. पुस्तकातील डॉप्लर परिणाम तो हाच! अँटेना कोठे वळवावा, हे ठरविताना भूगोल व गणितही कामी येतात.

त्याहून मोलाचा धडा संयमाचा आहे. येथे एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रश्न थोडक्यात विचारून 'ओव्हर' म्हणायचे आणि मग शांतपणे ऐकायचे.

हॅम रेडिओसाठी शासकीय परीक्षा व परवाना आवश्यक असतो. आपल्या परिसरात असा परवानाधारक असल्यास शिक्षकांनी त्यास अगत्याने वर्गात बोलवावे. बोलण्याइतकेच ऐकणेही शिकवावे लागते, हे आपण पालकांनीही ध्यानी घ्यावे.