तळहातांच्या अतिस्वेदावरील चेताछेदन शस्त्रक्रिया : धोके, दुष्परिणाम व संमतीचा प्रश्न

प्रस्तावना :

घाम येणे ही शरीराचे तापमान राखण्याची नैसर्गिक क्रिया होय. मानवी त्वचेत सुमारे २० ते ४० लाख स्वेदग्रंथी असतात आणि तळहात व तळपाय यांवर त्यांची दाटी विशेष असते. काही व्यक्तींना मात्र उष्णता वा श्रम यांचे निमित्त नसतानाही तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा यांवर इतका घाम सुटतो की दैनंदिन व्यवहार कठीण होतात. या अवस्थेस प्राथमिक अतिस्वेद म्हणतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार तेथील सुमारे २.८ टक्के लोकांना अतिस्वेदाचा त्रास होता. तळहातांचा विकार बहुधा बालपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होतो. त्यामुळे महाविद्यालयीन वयात तो चांगलाच जाणवतो. उत्तरपत्रिका ओली होऊन शाई पसरणे, प्रयोगशाळेत काचनळी हातातून निसटणे, बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या हजेरी यंत्राने नोंद न घेणे, अशा रूपांत तो अध्यापकांच्या दृष्टीस पडतो. पण पुष्कळदा भित्रेपणाचे लक्षण समजून सोडून दिला जातो.

या विकारावरील कायमचा उपाय म्हणून छातीतील अनुकंपी चेतासाखळी दुर्बिणीद्वारे छेदण्याची शस्त्रक्रिया केली जाते. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम आणि त्यांतून उद्भवणारा रुग्णाच्या संमतीचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :

अनुकंपी चेतासाखळी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, छातीच्या भागात बरगड्यांच्या मुळांवरून खाली जाते. हातांच्या स्वेदग्रंथींकडे जाणारे संदेश प्रामुख्याने या साखळीच्या वरच्या भागातून जातात. १९२० साली कोत्झारेफ यांनी अतिस्वेदासाठी ही साखळी छेदल्याची नोंद आहे. १९४२ मध्ये ह्यूज यांनी दुर्बिणीचा मार्ग वापरला, तर १९५४ मध्ये ऑस्ट्रियातील कुक्स यांनी या पद्धतीचा मोठा अनुभव ग्रंथबद्ध केला. १९९० च्या दशकात व्हिडिओ कॅमेऱ्याची जोड मिळाल्यावर तिचा प्रसार वेगाने झाला.

रुग्णास पूर्ण भूल देऊन, एका बाजूचे फुप्फुस तात्पुरते आकुंचित करून, काखेखालील लहान छिद्रांतून साखळी कापली वा जाळली जाते, किंवा तिच्यावर धातूची क्लिप बसविली जाते. नंतर दुसऱ्या बाजूसही तेच केले जाते. भूल उतरते तेव्हा हात कोरडे व उबदार असतात. तळहातांपुरते यश बहुतेक अहवालांत ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे आणि त्याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या शरीराविषयी.

‘भरपाईचा’ घाम :

शस्त्रक्रियेनंतर पाठ, छाती, पोट, जांघा व मांड्या यांवर पूर्वी नव्हता एवढा घाम येऊ लागतो. वैद्यकात यास भरपाईचा घाम म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. हातांवर थांबलेला घाम तेवढ्याच प्रमाणात अन्यत्र वळला, देणे-घेणे फिटले, असा भास त्यातून होतो. प्रत्यक्षात तळहातांचे क्षेत्र शरीराच्या मानाने अगदी लहान आहे, आणि काही रुग्णांना दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो. तापमान राखण्याचे कार्य उरलेल्या ग्रंथींवर पडते, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. साखळी छेदल्यामुळे मेंदूतील अधश्चेतकाकडे परत जाणारे नियामक संदेश तुटतात व तेथील नियंत्रण ढळते, असे दुसरे मत आहे. दुसरे मत ग्राह्य धरल्यास या घामास भरपाई न म्हणता नियंत्रणातील बिघाड म्हणणे अधिक उचित ठरेल.

याचे प्रमाण किती, या प्रश्नास प्रकाशित साहित्यात ३ टक्क्यांपासून ९८ टक्क्यांपर्यंत उत्तरे सापडतात. एवढी तफावत पडण्याचे कारण उघड आहे. कोणी केवळ तीव्र त्रास मोजला, तर कोणी किंचित बदलही नोंदविला. कोणी रुग्णांना काही महिन्यांनी विचारले, तर कोणी अनेक वर्षांनी. या दृष्टीने व्हिएन्ना येथील १९९४ सालचा अहवाल आजही उद्बोधक आहे. त्यात २७० रुग्णांचा सरासरी १४.६ वर्षे मागोवा घेतला गेला. प्रारंभी ९५.५ टक्के रुग्ण समाधानी होते. कालांतराने ६७.४ टक्क्यांना भरपाईचा घाम आणि ५०.७ टक्क्यांना जेवताना चेहऱ्यावर येणारा घाम आढळला, आणि पूर्णतः समाधानी असलेल्यांचे प्रमाण ६६.७ टक्क्यांवर आले. हात मात्र बहुतेकांचे कोरडेच राहिले होते. अर्थात त्या काळी साखळीचा अधिक भाग काढला जात असे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

छेद कोणत्या पातळीवर घेतला जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेतील वक्षशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०११ साली तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. दुसऱ्या बरगडीच्या पातळीवरील छेदानंतर भरपाईचा घाम अधिक येतो. तळहातांसाठी तिसरी वा चौथी बरगडी निवडावी. चौथ्या पातळीवर हा धोका कमी, परंतु हात किंचित ओलसर राहू शकतात, असे त्यात नमूद आहे. उष्ण व दमट हवेत हा घाम अधिक जाणवतो. विदर्भातील ४५ अंशांचा उन्हाळा किंवा कोकणातील दमट हवा यांत वर्षानुवर्षे राहावयाच्या व्यक्तीने थंड देशांतील समाधानाचे आकडे म्हणूनच जपून वाचले पाहिजेत.

अन्य धोके :

फुप्फुसावरणात हवा वा रक्त साठणे, रक्तवाहिनीस इजा होणे आणि बरगड्यांमधील चेतातंतू दुखावल्याने छातीत वेदना राहणे, हे शस्त्रक्रियेचे प्रत्यक्ष धोके होत. साखळीच्या वरच्या टोकाजवळील तारकाकार गुच्छिकेस इजा झाल्यास पापणी खाली येते, बाहुली लहान होते व चेहऱ्याच्या त्या बाजूचा घाम थांबतो. यास हॉर्नर लक्षणसमूह म्हणतात. तो क्वचित आढळतो, पण कायमचा असू शकतो. हृदयाची गती वाढविणारे तंतूही याच भागातून जात असल्याने नाडी काहीशी मंदावते. म्हणूनच विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटास ५५ पेक्षा कमी असलेली व्यक्ती या शस्त्रक्रियेस योग्य मानली जात नाही. पूर्वी क्षयरोग होऊन फुप्फुस छातीच्या भित्तीस चिकटलेले असल्यास दुर्बिणीचा मार्ग अवघड होतो. भारतात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

क्लिप काढून पूर्वस्थिती आणता येईल, अशी आशा या पद्धतीच्या प्रसाराबरोबर निर्माण झाली. तथापि दाबला गेलेला चेतातंतू पुन्हा कार्य करू लागेल याची शाश्वती देता येत नाही. चेतातंतूंचे रोपण करण्याचेही प्रयत्न झाले, परंतु त्यांचे यश अनिश्चित आहे. ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच निर्णय घेणे आवश्यक ठरते.

संमतीचा प्रश्न :

फिनलंडमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतशीर आढाव्यात, नियंत्रित चाचण्यांच्या अभावी या शस्त्रक्रियेच्या परिणामकारकतेचा पुरावा दुबळा असल्याचे म्हटले होते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१४ साली, अन्य उपचारांस दाद न देणाऱ्या तीव्र विकारातच तिचा विचार व्हावा आणि अन्यत्र येणाऱ्या घामामुळे काही रुग्णांना पश्चात्ताप होतो हे आधी सांगितले जावे, असे मार्गदर्शन केले. तैवानमध्ये २००४ साली २० वर्षांखालील व्यक्तींवर ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई करण्यात आली.

भारतात १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः संमती देऊ शकते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय व लक्षणीय धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्याविना दिलेली संमती खरी संमती नव्हे. दूरस्थ वा केवळ तात्त्विक धोके सांगण्याचे बंधन मात्र न्यायालयाने घातले नाही. हॉर्नर लक्षणसमूह दूरस्थ धोक्यांत मोडतो की नाही, यावर एक वेळ मतभेद होतील. भरपाईचा घाम तसा मानता येणार नाही.

पर्यायांची माहितीही या संमतीचाच भाग ठरते. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण आणि पाण्यात हात ठेवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याची पद्धत हे प्राथमिक उपचार होत. स्वेदग्रंथींना संदेश देणारे तंतू अनुकंपी असूनही अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याद्वारे कार्य करतात. त्यामुळे त्या द्रव्यास अटकाव करणारी ग्लायकोपायरोलेट व ऑक्सिब्युटिनिन ही औषधे, तसेच बोट्युलिनम विषाची इंजेक्शने उपयोगी पडतात. औषधांनी तोंड कोरडे पडते. तळहातावरील इंजेक्शने वेदनादायक व महाग असतात, त्यांनी पकड काही काळ दुबळी होऊ शकते आणि काही महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागतात. मात्र औषध थांबविल्यावर तोंडाचा कोरडेपणा जातो आणि इंजेक्शनाचा प्रभाव ओसरला की पकडही पूर्ववत होते.