‘रेग्युलर आहे का हो?’

पहाटे सव्वापाच. रावेतच्या मुकाई चौकात चाकणला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसची वाट बघत फर्स्ट शिफ्टवाले उभे. बस आली की खिडकी पकडायची, मान मागे टाकायची, की डायरेक्ट चाकणला जाग! आमचा एक मित्र मात्र बसमध्ये झोपत नाही. तो अकाउंटन्सीचं पुस्तक उघडतो. बारावीनंतर स्टोअर्सला लागला, काम एक नंबर, पण प्रमोशनच्या वेळी गाडी ‘ग्रॅज्युएट नाही’वर अडली. म्हणून आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतोय, शेवटच्या वर्षाला आहे.

मागच्या महिन्यात तो एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेला होता. एचआरच्या मॅडमनी फाईल चाळली आणि हळूच विचारलं, “रेग्युलर आहे का हो?” आजारपणाची चौकशी करावी, तशा सुरात. गडी तिथंच गार!

आता मॅडमना कोणीतरी सांगायला हवं होतं. ज्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात हा शिकतोय, ते सुरू झालं १९८९ मध्ये. पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे दिल्लीच्या ‘इग्नू’चेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन या मंडळींनी गावोगावी अभ्यासकेंद्रं उघडली. आपलं आपण वाचून समजेल अशी मराठी पुस्तकं काढली. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला. या सगळ्याची दखल थेट कॅनडातून घेतली गेली. ‘कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग’ ही राष्ट्रकुल देशांची दूरशिक्षणावर काम करणारी संस्था. तिने २००२ मध्ये नाशिकच्या या विद्यापीठाला संस्थात्मक कामगिरीचा उत्कृष्टता पुरस्कार दिला. आणि दूरशिक्षणाला नाकं मुरडणाऱ्यांसाठी आणखी एक नाव : नेल्सन मंडेला. त्यांनी कायद्याची पदवी तुरुंगात असताना दक्षिण आफ्रिकेच्या ‘युनिसा’मधून दूरशिक्षणाने पूर्ण केली, तीही १९८९ मध्येच. त्यांना कोणी विचारलं असेल का, रेग्युलर आहे का म्हणून?

पण थांबा. पुरस्कार म्हणजे मान्यता नव्हे, आणि इथंच भलेभले फसतात. आपल्या पट्ट्यातल्या डिप्लोमावाल्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी न घेताच दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित, त्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. त्यानंतरच्यांच्या तर रद्दच! फी भरली, नाइट शिफ्ट करून अभ्यास केला, आणि हातात उरला नुसता कागद. गुळगुळीत ब्रोशर आणि भिंतीवरची ट्रॉफी काहीच कामाला आली नाही.

म्हणून बॉस, आधी मान्यता बघा, कौतुक नंतर. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर विद्यापीठाचं नाव आहे का, एवढंच बघून थांबू नका. तुम्हाला हवा तो कोर्स आणि तुमचं प्रवेशाचं वर्षही त्या यादीत हवं. २०२४ पासून प्रवेशाआधी स्वतःचा ‘डीईबी आयडी’ही काढावा लागतो. तो तुमचा तुम्ही काढा, एजंटच्या हातात मोबाईल देऊ नका. आणि कोणी दूरशिक्षणाने बी.ई. देतो म्हणाला, तर चहा प्या आणि उठा.

रँकिंगचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ने मुक्त विद्यापीठांसाठी वेगळा गट केला तो २०२४ मध्ये. त्या वर्षी पहिला नंबर होता इग्नूचा, दुसरा कोलकात्याच्या नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठाचा, तिसरा अहमदाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठाचा. नाशिक पहिल्या तिनात नव्हतं. आपल्याला हे थोडं झोंबतं, झोंबायलाच हवं. जुन्या पुरस्काराच्या पुण्याईवर किती दिवस काढणार? तरी एक खरं, पुस्तक वेळेवर मिळालं का, रविवारच्या संपर्क सत्राला शिकवणारे आले का, हे कुठल्याच रँकिंगमध्ये नीट दिसत नाही. ते विचारायचं सीनियर विद्यार्थ्यांना.

आणि त्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर? सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्टच सांगितलंय. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची. त्या पत्राची प्रिंट आमच्या मित्राने काढून फाईलमध्ये सगळ्यात वर लावली आहे. पुढचा इंटरव्ह्यू शनिवारी आहे. सेकंड शिफ्ट बदलून मिळाली, तर.