आधी पार्क, मग जहाज : तीन पिढ्यांची एक सफर

सहलीचा विषय निघाला तेव्हा अम्मींनी तीन अटी घातल्या. "जायचे तर घरातल्या सगळ्यांनी जायचे. माझ्या हजच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि हप्त्यावर, व्याजावर जायचे असेल तर मला घरीच ठेवा."

आम्ही घरात सहा माणसे. आम्ही दोघे, अम्मी आणि तीन मुले. थोरली तेरा वर्षांची, मधला दहाचा, धाकटा सहाचा. मुलांना मोठ्या झुल्यांचे पार्क हवे होते. आम्हाला समुद्र हवा होता. अम्मींचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोज नवे गाव, रोज नवे हॉटेल, सामान बांधा आणि सोडा, हे त्यांना झेपणारे नव्हते. मुलांसाठी पार्क आणि अम्मींसाठी जहाज असे एकाच सहलीत जमेल का, याचा शोध घेताना आम्ही सिंगापूरवर येऊन थांबलो. अटी पाळून पैसे जमवायला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे फुकट गेली नाहीत, कारण तेवढ्या वेळात आम्ही नीट चौकशी केली.

सिंगापूरच का?

सेंटोसा बेटावरचे युनिव्हर्सल स्टुडिओज हे पार्क 2010 मध्ये सुरू झाले. मोठी जहाजे लागतात ते मरीना बे क्रूझ सेंटर 2012 पासून चालू आहे. दोन्हींमध्ये अंतर आहे काही किलोमीटरचे. मरीना साउथ पिअर या मेट्रो स्टेशनवरून निघायचे, धोबी घाटला गाडी बदलायची आणि हार्बरफ्रंटला उतरायचे. (होय, तिथल्या एका स्टेशनचे नाव धोबी घाट आहे. मुले दिवसभर हसत होती.) हार्बरफ्रंटच्या विवोसिटी मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची छोटी रेल्वे मिळते. शिवाय इथून तीन-चार रात्रींच्या सफरी असतात. पहिल्यांदा जहाजावर जाणाऱ्या घराला तेवढ्या पुरतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने मलेशिया आणि दुसऱ्या बाजूने सुमात्रा यांचा आडोसा आहे. त्यामुळे भर समुद्रासारख्या लाटा तिथे सहसा नसतात. गाडी लागणाऱ्या माणसांनी हे लक्षात ठेवावे.

आधी काय करावे?

आमचे उत्तर सरळ आहे : आधी पार्क, मग जहाज. याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे जहाज कुणासाठी थांबत नाही. विमानाला उशीर झाला तर पार्कचा एखादा तास जाईल, पण जहाज निघून गेले तर सगळेच गेले. म्हणून जहाज सुटण्याच्या निदान दोन दिवस आधी शहरात पोहोचावे. दुसरे कारण दमणुकीचे. पार्कमध्ये दिवसभर पायी चालावे लागते. त्यानंतर जहाजावर आले की सामान एकदाच कपाटात लावायचे, आणि पुढचे तीन दिवस खोली आपल्याबरोबर चालते.

परतताना जहाज सकाळी लागते. त्या दिवशीचे विमान संध्याकाळचे किंवा रात्रीचे घ्यावे.

आमची चूक

एवढा विचार करूनही आम्ही एक मोठी चूक केली. मुंबईहून रात्रीचे विमान, सकाळी सिंगापूर, आणि "दिवस कशाला वाया घालवायचा" म्हणून त्याच दिवशीची पार्कची तिकिटे! तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. दुपारी एक वाजता धाकटा रांगेत उभ्या उभ्या झोपला. अम्मी एका बाकावर बसल्या त्या उठेनात. तीन वाजता पाऊस आला. दिवाळीच्या सुट्टीत तिथे दुपारचा पाऊस ठरलेलाच, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे झुले बंद ठेवतात. थोरली रडवेली झाली. आम्ही दोघे एकमेकांवर चिडलो. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "अरे, एवढे पैसे देऊन भांडायला आलो का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच केले नाही. उशिरा उठलो, नाश्ता केला, झोपलो. तिसऱ्या दिवशी अम्मींनी शांतपणे ओशनेरियममधले मासे पाहिले. 2025 मध्ये सुरू झालेले हे मत्स्यालय सेंटोसावरच आहे. पार्क मात्र घाईत अर्धेच पाहून झाले होते. पुन्हा गेलो तर पहिला दिवस आरामाचा, दुसरा पार्कचा, तिसरा पुन्हा मोकळा आणि चौथ्या दिवशी जहाज, असेच ठरवू.

झुल्यांना उंचीची अट असते. ट्रान्सफॉर्मर्ससाठी 102 सेंटिमीटर, ममीच्या झुल्यासाठी 122, आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकासाठी 125. घरीच दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून ठेवावी आणि कोण कशात बसणार ते आधीच सांगावे. आमचा धाकटा 115 चा. त्याला घरीच समजावले होते, त्यामुळे तिथे हट्ट झाला नाही. मिनियन लँडमध्ये त्याचे मन रमले.

नमाज आणि ताट

सिंगापुरात खाण्याची चिंता कमी आहे. तिथली मजलिस उगमा इस्लाम सिंगापुरा, म्हणजेच मुइस, ही संस्था हलाल प्रमाणपत्र देते आणि ते दुकानाच्या दर्शनी भागात लावलेले असते. एकाच आवारात एका दुकानाला ते असेल आणि शेजारच्याला नसेल, म्हणून प्रत्येक ठिकाणी पाहावे. कंपोंग ग्लाम भागातली सुलतान मशीद जरूर पाहावी. आजची इमारत 1932 मध्ये पूर्ण झाली. आजूबाजूला मुस्लिम खानावळी भरपूर आहेत.

जहाजावर मात्र वेगळा हिशेब. आमच्या जहाजावर हलालची खात्री देणारे वेगळे स्वयंपाकघर नव्हते. तिकीट काढतानाच आम्ही लेखी कळवले होते, तरी पहिल्या रात्री माशावरच्या रश्श्यात वाइन निघाली. विचारले म्हणून कळले. त्यानंतर आम्ही प्रत्येक जेवणाला चार प्रश्न ठेवले : मांस हलाल आहे का? रश्श्यात दारू आहे का? गोड पदार्थात जिलेटिन आहे का? मासे आणि मांस एकाच तेलात तळतात का? मुख्य वाढप्याने तक्रार न करता दुसऱ्या दिवसापासून आमचे ताट वेगळे काढले. भारतीय शाकाहारी जेवण, अंडी, फळे यावर मुलांचे छान भागले. विचारायची लाज वाटू देऊ नये.

आम्ही कोकणातले, शाफई. आमच्याकडे प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करायची सवलत आहे. एखाद्या ठिकाणी येण्या-जाण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहण्याचा इरादा असेल तर माणूस मुकीम होतो आणि नमाज पूर्ण पढायची. हनफी घरांत ही मुदत पंधरा दिवसांची आहे आणि नमाजा एकत्र करत नाहीत, कस्र मात्र करतात. आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. जहाजावर उभे राहता येत असेल तर उभे राहूनच पढायची, आणि जहाज वळले तर आपणही किब्ल्याकडे वळायचे. सिंगापुरात किब्ला पश्चिमेकडे, थोडा उत्तरेला झुकलेला येतो. खोलीतल्या टीव्हीवर जहाजाची दिशा दिसते. मधल्या मुलाला आम्ही किब्ल्याचे काम दिले. तो होकायंत्र घेऊन दर वेळी मुसल्ले लावायचा, आणि त्याच्या भीतीने कुणाची नमाज चुकली नाही.

जहाजावर बार आणि जुगारघर असतेच. जुगारघरात मुलांना प्रवेश नसतो, पण वाट तिथून जाते. आम्ही खोली निवडतानाच त्यापासून दूरची घेतली, आणि थोरलीला काय दिसेल ते आधीच सांगितले. तिने विचारले, "मग आपण आलो कशाला?" आम्ही म्हणालो, "बाजारातही दारूचे दुकान असते. आपण भाजी घेऊन परत येतोच ना?"

पिनांगचा धक्का

आमचे जहाज पिनांगला थांबले. जॉर्ज टाउनमध्ये स्वेटनहॅम धक्क्यावर उतरले की जुने शहर पायी फिरता येते. 2008 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कंपनीची महागडी बस न घेता आम्ही अम्मींसाठी टॅक्सी केली आणि कपितान केलिंग मशिदीत असरची नमाज पढलो. हिंदुस्थानातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. बाहेर नासी कंदार खाल्ले. भात आणि त्यावर तऱ्हेतऱ्हेचे रस्से असा हा तिथल्या तमिळ मुस्लिमांचा पदार्थ. परतीची वेळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवली होती, आणि तासभर आधीच धक्क्यावर हजर झालो.

खर्च आणि कागदपत्रे

जहाजाच्या तिकिटाचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. माणशी दर दिवसाची बक्षिसी, बंदराचे कर, इंटरनेट, थंड पेये हे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही, सगळे खात्यावर चढते, म्हणून मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्यावा. आपल्याकडे परदेशी सहलीवर टीसीएस कापतात. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आधी हाताशी असावा लागतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. जहाजाने बाहेर जाऊन पुन्हा सिंगापुरात यायचे असल्याने व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे पाहावे. सिंगापूरचे आगमन कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे, आणि जहाजावरून परत उतरतानाही. मलेशियाचे नियम बदलत असतात, ते निघताना तपासावेत.

एका एजंटाने आम्हाला "आत्ता जा, हप्ते नंतर भरा" असे सुचवले होते. अम्मींची अट आठवली आणि आम्ही उठून आलो. आज खात्यात पैसे कमी आहेत, पण कुणाचे देणे नाही.

शेवटची पहाट

शेवटच्या पहाटे फजर झाल्यावर अम्मी डेकवर येऊन बसल्या. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांचे वडील मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. मुंबई ते जेद्दा ही हजची जहाजे 1995 मध्ये बंद झाली. "आम्ही खाली धक्क्यावर उभे होतो," त्या म्हणाल्या. "अब्बा वरून हात करत होते, पण माणसे इतकी, की ते कोणते ते मला कळेना. मी भलत्याच माणसाला हात केला. घरी येऊन खूप रडले. वरून आम्ही त्यांना दिसत असू का, हेच डोक्यात असायचे."

आम्ही पिनांगचा धक्का आठवला. जहाज सुटताना खालचा प्रत्येक माणूस वेगळा दिसत होता.

"दिसत असणार," अम्मी म्हणाल्या. "परवा मी पाहिले ना."

मग त्यांनी मधल्याला किब्ला विचारला. त्याने होकायंत्र पाहून सुमात्राच्या बाजूला बोट दाखवले. अम्मी बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हजच्या पैशाला आम्ही हात लावला नव्हता याचे समाधान आम्हाला त्या वेळी जेवढे वाटले, तेवढे साऱ्या सहलीत कशाचेच वाटले नाही. पुढचा सफरनामा त्यांच्याबरोबर हजचा असेल, इन्शाअल्लाह.